शिंक, पित्त आणि झोप न आणणारी गोळी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत, अशी सूचना मंडळाच्या चिटणीसांकडून आली तेव्हा मधुमेह अथवा हृदयविकार यांसारखा भारदस्त विषय आपणांस अपेक्षित असेल, अशी आमची समजूत होती. परंतु चिटणीसांनी विषय निवडला तो शिंकेचा! आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर या क्षणी जे स्मित उमटले आहे, तेच तेव्हा आमच्याही चेहऱ्यावर उमटले होते. तथापि थोडा विचार करता चिटणीसांची निवड योग्य असल्याचे आम्हांस पटले. मधुमेहाची गोळी घरातील एखादाच मनुष्य घेतो, आणि तीही डॉक्टरांना विचारून. शिंकेची, खाजेची, सर्दीची गोळी मात्र घरातील सर्वजण घेतात, एकमेकांस देतात, आणि ती कोणती, कशाची, किती घ्यावयाची, हे विचारण्याची गरज कोणासही वाटत नाही. देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातील ती अर्धी कापलेली पट्टी आज आमच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम आपल्या गावापासून आरंभ करू. नंदुरबारची गणना देशातील मिरचीच्या मोठ्या बाजारपेठांत होते, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. दिवाळीच्या मागेपुढे ओली लाल मिरची बाजारात येऊ लागली म्हणजे शहराभोवतीच्या पथाऱ्या लालेलाल होतात. पुढे तीन-चार महिने मिरची वाळविणे, उलथविणे, देठ खुडणे आणि पोती भरणे हे काम अखंड चालू असते. या दिवसांत खकाणा काय असतो हे नंदुरबारकरांस सांगावयास नको. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसका आणि शिंकांची माळ! मग पथारीवरील मनुष्य जवळच्या मेडिकलवर जातो आणि ‘ॲलर्जीची गोळी’ मागतो. गोळी घेऊन दोन दिवस झाले तरी ठसका तसाच राहिला, की तो दुसरी, अधिक ‘कडक’ गोळी मागतो.

बंधूंनो, येथेच पहिली गफलत होते. मिरचीचा ठसका ही बहुधा ॲलर्जी नव्हे. मिरचीतील कॅप्सेसीन नावाचे द्रव्य नाकातील, डोळ्यांतील आणि कातडीतील मज्जातंतूंच्या टोकांवर थेट जाऊन बसते. उष्णतेचा चटका ज्या ग्राहकामुळे आपणांस कळतो, त्याच ग्राहकास ते चेतविते, आणि म्हणून तिखटाची आग ही खरोखरीच आगीसारखी लागते. या ग्राहकाचा शोध लावणारे डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शोधासाठी त्यांनी वापरले ते मिरचीतीलच कॅप्सेसीन! या साऱ्या व्यापारात हिस्टामिन या द्रव्याचा मुख्य हात नसतो, आणि ॲलर्जीची गोळी तर केवळ हिस्टामिनाचीच वाट अडविते. जेथे चोर शिरलाच नाही त्या दारास कुलूप लावून लाभ काय? पथारीवर काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क वापरावा, डोळ्यांना चष्मा लावावा, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहून काम करावे. हाताची आग होत असेल तर नुसत्या पाण्याने ती जात नाही. कॅप्सेसीन तेलात विरघळते, म्हणून हातास आधी गोडे तेल चोळावे व मग साबणाने धुवावे. गोळीपेक्षा या साध्या गोष्टींचा गुण अधिक.

मात्र येथे एक अपवाद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. अवकाळी पावसाने पथारीवरील माल भिजला की त्यास बुरशी धरते, आणि बुरशीच्या बीजाणूंची खरीखुरी ॲलर्जी मनुष्यास होऊ शकते. तद्वतच गव्हा-ज्वारीच्या मळणीची धूळ, जुन्या गोधड्यांतील न दिसणारे किडे, गाईगुरांचा व घोड्यांचा कोंडा (सारंगखेड्याच्या यात्रेहून परतलेले कित्येकजण आठवडाभर शिंकत असतात, ते थंडीमुळेच असे नव्हे) आणि ते सर्वव्यापी गाजर गवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज आपल्या जिल्ह्यातील बांधाबांधावर उभे आहे. मिरचीपासून दूर गेल्यावर तासा-दोन तासांत त्रास थांबला तर ती चुरचूर समजावी. घरी, रात्री, रजेच्या दिवशीही शिंका, नाकाची व डोळ्यांची खाज आणि पाण्यासारखा स्राव चालूच राहिला, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. खाज ही ॲलर्जीची मोठी खूण आहे.

आता हिस्टामिन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या नाकाच्या अस्तरात, फुप्फुसांत व कातडीत मास्ट पेशी नावाचे पहारेकरी असतात. त्यांच्यापाशी हिस्टामिनाच्या पोतड्या भरून ठेवलेल्या असतात. एखाद्याचे शरीर निरुपद्रवी परागकणासही शत्रू मानू लागले, की तो कण येताच हे पहारेकरी पोतड्या रित्या करतात. मग रक्तवाहिन्या सैल होतात, अस्तर सुजते, खाज सुटते, शिंका येतात. कातडीत हाच प्रकार घडला की लाल गांधी उठतात. हिस्टामिनास अडविणारी औषधे प्रथम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेत १९३७ साली सापडली, आणि बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील दहा-पंधरा वर्षांत या कुळातील अनेक औषधे निघाली. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली ॲव्हिल, तसेच सर्दीच्या बहुतेक मिश्रगोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन, ही त्याच जुन्या पिढीतील होत.

या जुन्या पिढीचा दोष असा की ती मेंदूत शिरते. मेंदूत हिस्टामिनाचे कार्य निराळे असते. तेथे ते आपणांस जागे व सावध ठेवते. तेव्हा नाकातील हिस्टामिन अडविण्यास गेलेली गोळी मेंदूतील जागल्यासही झोपविते. क्लोरफेनिरामिनाचा अंमल तर असा लांबतो, की रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळीही उरते. पुष्कळांस वाटते, ‘आम्हांला सवय आहे, आम्हांला झोप येत नाही.’ या समजुतीची परीक्षा अमेरिकेतील आयोवा येथे झाली, व तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ॲलर्जीच्या चाळीस रुग्णांना कृत्रिम वाहनयंत्रात बसवून निरनिराळ्या वेळी जुनी गोळी, नवी फेक्सोफेनाडिन ही गोळी, मद्य व औषधाविना पोकळ गोळी देऊन त्यांचे वाहन चालविणे मोजले गेले. जुन्या गोळीने त्यांचे चालविणे मद्यापेक्षाही बिघडले, आणि फेक्सोफेनाडिन घेतलेले लोक पोकळ गोळी घेतलेल्यांसारखेच ठीक चालवीत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की कोणास किती झोप आल्यासारखे वाटते यावरून त्याचे चालविणे किती बिघडले आहे याचा अंदाज लागत नव्हता. म्हणजे ‘मी ठीक आहे’ ही स्वतःची साक्ष येथे निरुपयोगी!

आपल्या समाजातील किती तरुण ट्रक, पिकअप व ट्रॅक्टर चालवितात, याचा विचार करा. कोंडाईबारीच्या घाटात रात्री माल घेऊन उतरणारा, चांदसैलीच्या वळणांवरून धडगावकडे चढणारा, मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारणारा, कडबाकुट्टीत हाताने वैरण लोटणारा — या माणसांच्या खिशात सर्दीची जुनी गोळी असणे म्हणजे कोणता धोका आहे, हे आम्ही फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांस सर्दी झाली म्हणून ही गोळी देणाऱ्या पालकांनीही याचा विचार करावा. वृद्धांच्या बाबतीत तर ती आणखी वाईट. तोंड कोरडे पडते, लघवी अडते (प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना हे फार जाचक), काचबिंदू असल्यास डोळ्यांवर ताण येतो, आणि रात्री उठताना तोल जाऊन मांडीचे हाड मोडण्याचे प्रसंग येतात.

यासाठीच नव्या पिढीची, झोप न आणणारी किंवा फार थोडी आणणारी औषधे वापरणे इष्ट. त्यांत लोराटाडिन, सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नावे आपण ऐकली असतील. ही औषधे मेंदूच्या तटबंदीपाशीच बहुतांशी अडविली जातात. त्यांतही तरतम आहे. सेट्रिझिनाने व लेव्होसेट्रिझिनाने काहीजणांना सुस्ती येतेच, म्हणून ती रात्री घेण्याचा सल्ला देतात. फेक्सोफेनाडिनाचा हा दोष सर्वांत कमी. दुकानदाराने ‘हिने झोप येत नाही’ असे सांगितले तरी पहिला डोस सुटीच्या दिवशी घरी घ्यावा, आणि आपल्या प्रकृतीवर तिचा काय परिणाम होतो तो पाहूनच वाहनास हात लावावा. प्रौढ मनुष्यास सामान्यतः दिवसातून एकच गोळी पुरते. सेट्रिझिन व लोराटाडिन १० मिलिग्रॅम, लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम, आणि फेक्सोफेनाडिन नाकाच्या त्रासास १२० तर अंगावरील गांधींस १८० मिलिग्रॅम. गुण आला नाही म्हणून दुसरी, तिसरी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. जुनाट गांधींच्या विकारात त्वचारोगतज्ज्ञ कधीकधी मात्रा चौपटीपर्यंत वाढवितात, हे खरे. परंतु ते रुग्णास पाहून, त्याचे मूत्रपिंड कसे आहे ते जाणून वाढवितात. मूत्रपिंड दुर्बल असेल तर उलट यांतील कित्येक औषधांची मात्रा निम्मी करावी लागते.

‘झोप न आणणारी’ म्हणजे ‘निर्धोक’ असे मात्र कोणी समजू नये. या पिढीतील अगदी पहिले औषध टर्फेनाडिन. १९८५ साली ते अमेरिकेत विक्रीस आले तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला! पुढे असे दिसून आले, की एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरील केटोकोनॅझोल त्याच्या जोडीस घेतले असता ते रक्तात साठते व हृदयाचे ठोके जीवघेण्या रीतीने बिघडतात. अमेरिकेतून ते १९९८ साली गेले, आपल्या देशात २००३ साली त्यावर व त्याच्याच जातीच्या ॲस्टेमिझोलवर बंदी आली. गंमत अशी की टर्फेनाडिनाचे यकृतात रूपांतर होऊन जे निरुपद्रवी द्रव्य तयार होते, तेच आजचे फेक्सोफेनाडिन. आजच्या औषधांत तो धोका राहिलेला नाही. पण आपण आणखी कोणती औषधे घेत आहोत हे डॉक्टरांस व दुकानदारास सांगण्याची सवय त्या प्रकरणाने जगास लावली, ती आपणही लावून घ्यावी.

आता ‘पित्ता’विषयी. आपल्या मराठीत हा शब्द दोन निराळ्या विकारांस लावतात. छातीत जळजळले तरी पित्त, आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच उठले! शब्द एक झाल्यामुळे उपायही एक होतात. गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी अंगास लावावे. त्याने थंडावा वाटतो व अपायही नाही. परंतु पुष्कळ घरांत ॲलर्जीच्या गोळीबरोबरच ‘पित्ताचे’ म्हणून पातळ पांढरे अँटासिड औषधही दोन चमचे पाजतात. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेले हे औषध फेक्सोफेनाडिनाच्या पाठोपाठ घेतले, तर गोळीचा शरीरात शोषला जाणारा भाग सुमारे ४१ टक्क्यांनी घटतो. गोळी पोटात गेली, पैसे गेले, गुण मात्र अर्धामुर्धा. या दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. तसेच संत्र्याच्या, सफरचंदाच्या वा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबरही फेक्सोफेनाडिन नीट शोषले जात नाही. ही गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते, ती मिश्रगोळ्यांची. सर्दीच्या गोळीत ताप उतरविणारे, नाक मोकळे करणारे व जुनी झोप आणणारी हिस्टामिनविरोधी अशी तीन-तीन औषधे एकत्र असतात. मनुष्य सकाळी ‘झोप न आणणारी’ घेतो, दुपारी अंग दुखले म्हणून सर्दीची मिश्रगोळी घेतो, आणि सकाळच्या शहाणपणावर बोळा फिरवितो. पट्टीवरील मोठ्या अक्षरांतील व्यापारी नाव वाचू नये, खालची बारीक अक्षरे वाचावीत; औषधाचे खरे नाव तेथे असते. त्याच नावाने जनऔषधी केंद्रात मागितल्यास पुष्कळ स्वस्तही मिळते. माँटेलुकास्ट मिसळलेल्या गोळ्या तर हल्ली चणेफुटाण्यांसारख्या खपतात. या औषधाने काहीजणांत वाईट स्वप्ने, चिडचिड, औदासीन्य, क्वचित आत्मघाताचे विचारही येतात, म्हणून अमेरिकेच्या औषधनियामकांनी २०२० साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापावयास लावला. साध्या शिंकांसाठी ते घेऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत आपल्या केंद्रीय औषधनियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश काढला. आपल्या घरांत मोठ्याची गोळी अर्धी मोडून मुलास देण्याची जी रीत आहे, ती या आदेशापुढे किती धोक्याची आहे ते मातांनी ओळखावे. मुलाचे औषध त्याच्या वयावर व वजनावर बेतलेले, डॉक्टरांनी लिहिलेले असावे.

नाक चोंदण्यावर या गोळ्यांचा गुण बेताचाच आहे. शिंका, खाज व पाणी यांवर त्या चालतात. महिनोन्महिने नाक बंद राहत असेल तर डॉक्टरी सल्ल्याने नाकात मारावयाचा सौम्य स्टिरॉइडचा फवारा अधिक उपयोगी. फवारा म्हटला की लोक बिचकतात, पण तो जेथल्या तेथे काम करतो व शरीरात फारच थोडा जातो. याउलट नाक क्षणात मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक घातले तर नाक त्यांच्याच आहारी जाते व अधिकच चोंदते.

येथवर जे सांगितले त्यात पैसा वाया जाण्याचा किंवा डुलकी लागण्याचा प्रश्न होता. यापुढील गोष्ट प्राणाची आहे, म्हणून ती सावकाश सांगतो. ॲलर्जीची गोळी दम्यास चालत नाही. रात्री छातीत घरघर होणे, पहाटे खोकल्याने जाग येणे, जिना चढताना धाप लागणे ही दम्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यावर श्वासातून घ्यावयाचे औषध, म्हणजे इनहेलर, हाच उपाय आहे. आपल्या लोकांत इनहेलरविषयी विलक्षण संकोच आहे. मुलीच्या हाती इनहेलर दिसला तर स्थळ मोडेल, म्हणून तिला वर्षानुवर्षे गोळीवर ठेवणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. याहून निर्दय लाज आम्ही दुसरी पाहिली नाही. ज्या मंडळाने वधूवर मेळावे भरविले त्याच मंडळाने हा संकोचही मोडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

दुसरे असे, की सातपुड्यात आग्या मोहोळ उठणे, इंजेक्शनाची प्रतिक्रिया येणे, भुईमुगासारखा पदार्थ न सोसणे, अशा प्रसंगी काहीजणांचे सर्वांग मिनिटांत लाल होते, ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, दम कोंडतो, उलटी होते, चक्कर येऊन मनुष्य खाली बसतो. अशा वेळी घरातील गोळी शोधत बसू नये. गोळीस काम सुरू करावयास तास लागतो, आणि येथे हाताशी मिनिटे असतात. या अवस्थेस प्राण वाचविणारे औषध एकच: मांडीच्या स्नायूत द्यावयाचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत, दम कोंडत असल्यास टेकून बसू द्यावे, उभे करू नये, १०८ क्रमांकास कळवावे आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा रुग्णालय गाठावे.

व्याख्यानानंतर भगिनीवर्गाकडून काही चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकी तिहींची उत्तरे येथे जोडीत आहोत. गरोदरपणी ही गोळी चालते काय, असे एका भगिनीने विचारले. लोराटाडिन व सेट्रिझिन यांचा अनुभव मोठा व समाधानकारक आहे, अंगावर पाजणाऱ्या मातेसही जुन्या गुंगीच्या गोळ्यांपेक्षा तीच बरी. पण आपल्या प्रसूतितज्ज्ञांस विचारून, आणि गरजेपुरतीच. दुसरीने विचारले, ॲलर्जीची कातडीवरील चाचणी करावयाची झाल्यास गोळी चालू ठेवावी काय? नाही, चाचणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार साधारण आठवडाभर आधी ती थांबवावी लागते, अन्यथा चाचणी खोटी ‘निर्दोष’ येते. तिसरी चिठ्ठी अशी होती, की सासूबाई काही वर्षे रोज सेट्रिझिन घेतात आणि सोडली की अंगास भयंकर खाज सुटते, तेव्हा हे व्यसन तर नव्हे? व्यसन नव्हे. परंतु दीर्घकाळ रोज घेतलेले सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन थांबविल्यावर काही दिवसांत क्वचित तीव्र खाज सुटते, असे अमेरिकेच्या औषधनियामकांनी मे २०२५ मध्ये जाहीर केले आहे. सासूबाईंनी गोळी एकाएकी न सोडता डॉक्टरांना दाखवून ती हळूहळू कमी करावी, आणि जाताना घरातील सर्व पट्ट्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात.